चालतीचा बांध

मंडळी, दम खायचा असेल तर इथेच खाऊन घ्या. एकदा बांधावर पाय ठेवला की पलीकडच्या हिवराच्या झाडापर्यंत बसायचं नाही. गुडघा दुखत असेल त्याने काठी घ्यावी, हळू चालावं, पण बसू नये.

हिवरतळी ग्रामेतिहास मंडळाची व्याख्यानं तीन दिवस शाळेच्या सभागृहात झाली. तिथे खुर्च्या होत्या, चहा होता, काहींनी डुलक्याही काढल्या, मी पाहिलं. चौथा दिवस सहलीचा. या दिवसाचं व्याख्यान चालत द्यायचं आणि चालत ऐकायचं, अशी आमच्या गावची रीत आहे. मी महालिंग गुरव. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. 'पुढे सरका' म्हणायची जिभेला सवय आहे, राग मानू नका.

तर हे डावीकडे तळं आणि पायाखाली बांध. दोनशे सत्तर पावलं भरतो. मधोमध एक काळं घोंगडं अंथरलेलं दिसतंय ना, त्यावर पाय देऊ नका, बाजूने जा. ते कुणासाठी आहे ते कळेलच. बांध कधीचा, ते कुणाला ठाऊक नाही. मंडळातल्या मास्तरांनी जुने कागद धुंडाळले, हाती काही लागलं नाही. राहतं ते तोंडोतोंडी आलेलं, आणि आमच्या घरात ते जरा जास्तच राहिलं आहे. का, तेही सांगतो.

असे सांगतात की त्या काळी गावाला पाणी म्हणजे ओढ्यातले झरे. ते चैत्रात आटत. म्हणून गावाने तिम्मा वडार नावाच्या माणसाला बोलावून बांध घालायला दिला. तिम्मा मातीकामातला जाणता. त्याची बायको यंकव्वा आणि आठ गाढवं, एवढाच त्याचा संसार. काम हातात घेताना भैरोबाच्या पायरीवर भंडारा उचलून तो म्हणाला, 'माजा बांध बसला तर मला त्यातच गाडा.' कारागीर बोलतात तसं बोलला. देवळात बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

पहिल्या पावसाळ्यात बांध बसला. आमच्याकडे बांध फुटला म्हणत नाहीत, बसला म्हणतात. मधोमध माती खचली आणि पाणी निघून गेलं. तिम्माने पुन्हा भर घातली. दुसऱ्या साली पुन्हा बसला, त्याच जागी.

आता खरं काय ते ऐका. नुसती माती टाकून बांध होत नाही, ओली असताना तुडवावी लागते. तिम्माने दोन्ही वेळा गावाकडे माणसं आणि बैल मागितले होते. गाव म्हणालं, पेरणीचे दिवस आहेत, पुढे बघू. नाचता येईना अंगण वाकडं, असं आमचं झालं. बांध बसल्यावर मात्र कुणाला आपली पेरणी आठवली नाही. देवाचा कोप झाला, असंच सगळे म्हणाले.

तिसऱ्या साली, मृगाला पंधरवडा उरला असताना, देवाला कौल लावला. भैरोबाच्या छातीला दोन ओल्या कळ्या लावतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कौल लावणारा होता येसू गुरव, आमचा मूळपुरुष. त्याने विचारलं, नारळ हवा का? डावी पडली. कोंबडा? डावी. बोकड? पुन्हा डावी. मागे सगळं गाव उभं, समोर देव काहीच घेईना. घाबरलेल्या येसूच्या तोंडून निघून गेलं, 'मग उभा माणूस पाहिजे का?' आणि उजवी कळी टपकन पडली.

चालत राहा मंडळी. थांबावंसं वाटतं ती हीच जागा.

उभा माणूस म्हणजे जिवंत, उभ्याने गाडायचा, असा अर्थ सगळ्यांनी एकाच वेळी लावला. मग कोण? पाटलाकडे लग्न होतं. कुणाचा मुलगा एकुलता, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली. प्रत्येक घराला कारण सापडलं. मग कुणालातरी तिम्माचे ते पायरीवरचे शब्द आठवले, आणि म्हणे सगळ्यांना एकदम बरं वाटलं. मला या गोष्टीत त्या बरं वाटण्याचीच सर्वांत जास्त लाज वाटते. तिम्माला देवळाच्या ओवरीत दोरीने बांधून ठेवलं आणि बांधाच्या पायथ्याशी, बाहेरच्या अंगाला, पुरुषभर खड्डा खणला.

यंकव्वा देवळात आली. ती रडली नाही असे सांगतात. तिने येसू गुरवाला विचारलं, "बाबा, देवाला काय इचारलंसा?"

"उभा मानूस पायजे का, आसं."

"गाडायचा का, आसं इचारलंसा?"

येसूने नाही अशी मान हलवली.

"मंग गाडायचं कुनी सांगितलं?"

देव बिचारा हो म्हणतो नाहीतर नाही म्हणतो. प्रश्न आमच्याच घरचा होता. येसू पुन्हा कौल लावायला निघाला, तर पाटलाने अडवलं. देवाला एकदा विचारलेलं पुन्हा विचारत नाहीत, म्हणाला. तेव्हा यंकव्वा म्हणाली, "मंग मी उभी ऱ्हाते. खाली न्हाई, बांधावर. भर घाला, हस्त नक्षत्र सरंस्तवर मी वर हाय. देवाला उभा मानूस पायजे, त्यो गावला."

पाटलाने सभोवार पाहिलं. तिम्माला खड्ड्यात उतरवायला कुणीच पुढे येत नव्हतं. तो म्हणाला, "ठीक हाय. पर तू बसलीस, न्हाईतर बांध बसला, तर तुजा नवरा खड्ड्यात."

आठ दिवसांत भर घातली. खड्डा तसाच उघडा ठेवला, वरून तिला दिसेल असा.

मृगाच्या पहिल्या दिवशी ती बांधावर चढली. एका जागी उभं राहिलं की पाय भरून येतात, म्हणून चालू लागली. या टोकाकडून त्या टोकाला, तिथून परत. तिची आठ गाढवं सवयीने मागून चालू लागली. काठीला छाती टेकवून उभ्याउभ्याच ती डोळा लावी, म्हणे, आणि पाय वाकायला लागले की दचकून पुन्हा चालू लागे. चार महिने माणूस असं राहील का, ते मला विचारू नका. तिने जेवावं म्हणून देवळातून भाकरी जाई, ती चालतच खाई, एवढं सांगतात.

पाचव्या दिवशी येसूने देवळाच्या दारातून पाहिलं, ती झोकांड्या खात होती. त्याचं मन त्याला पाच दिवस खातच होतं. तो बांधावर गेला, तिच्या एक पाऊल मागे चालू लागला आणि म्हणाला, "बाई, झोपू नगंस. मी बोलतो, तू ऐक."

आधी त्याने देवाच्या गोष्टी सांगितल्या. त्या दोन दिवसांत संपल्या. मग गावाच्या सुरू केल्या. कोण कुठून आलं, कुणाची विहीर कुणी खणली, कुठल्या भावकीत कशावरून वितुष्ट आलं. यंकव्वा म्हणाली, "बाबा, खोटं सांगताय ते कळतंय. पर बोला."

बांधाखालून जाणाऱ्या बायकांच्या कानावर हे पडत होतं. तिसऱ्या दिवशी पाटलाची म्हातारी आई तणतणत वर चढली. आमच्या घराण्याचं चुकीचं सांगतोस, म्हणाली, आणि येसूबरोबर चालत खरं सांगू लागली. तिने तेल्यांचं काहीतरी काढलं, म्हणून दुसऱ्या दिवशी तेली आले. तेल्यांनी माळ्यांना मधे ओढलं, म्हणून माळी आले. तुडवायला एक माणूस मागितला तर ज्या गावाने दिला नव्हता, ते गाव आषाढात वाद घालायला बांधावर लोटलं. ओल्या मातीत येरझारा सुरू झाल्या. चिखलात कुणी थांबेना, कारण थांबला त्याचं ऐकणारे पुढे निघून जात. पुण्याने नाही हो, भांडणाने बांध तुडवला गेला. आमचं मंडळ आज नोंदणीकृत आहे, पण त्याची खरी स्थापना ही.

हस्तात मोठं पाणी आलं. लाल, गढूळ, काठापासून दोन बोटं खाली. मधोमध, दोनदा बसलेल्या त्याच जागी, माती पायाखाली हलू लागली. यंकव्वा तिथे उभी राहिली. येसूचं बोलणं बंद पडलं. तेवढ्यात पाटील तिम्माला दोरीने धरून घेऊन आला, ठरल्याप्रमाणे.

"बोला बाबा," यंकव्वा म्हणाली. "पाय थांबवू नगा."

लोक जागच्या जागी तुडवू लागले. तिम्माने खड्ड्याकडे पाहिलंही नाही म्हणे. त्याची नजर मातीवर होती. त्याने चवड्याने माती दाबून पाहिली आणि म्हणाला, "हितं मऊ हाय. पाटील, तुमी बी या."

सगळ्या गावात पाटीलच असा होता, ज्याने चार महिन्यांत बांधावर पाऊल टाकलं नव्हतं. त्याने हातातल्या दोरीकडे पाहिलं, ती खाली टाकली आणि तुडवू लागला. दिवस कलायला पाणी ओसरलं. बांध बसला नाही.

हस्त सरलं. तिम्मा सुटला. पाटलाच्या आईने घरातलं नवं घोंगडं आणून बरोबर मधोमध अंथरलं आणि यंकव्वेचे हात धरले. "आता बस, माजे बाय."

यंकव्वेने घोंगड्याकडे पाहिलं, मग बांधाच्या पायथ्याकडे. म्हणाली, "बस म्हनताय, आनि खड्डा तर अजून उगडाच हाय."

ती पलीकडच्या बाजूने उतरली. मागे तिम्मा, मागे गाढवं. तळ्याचं ओंजळभर पाणीसुद्धा तिने प्यायलं नाही. माणसं फावडी आणायला धावली, घाईघाईने खड्डा बुजवला, पण तोवर ती माळ ओलांडून गेली होती. या गावात ती कधीच बसली नाही.

यंदा मंडळाने इथे फलक लावायचं ठरवलंय. मजकुरात लिहिलं होतं, 'गावासाठी स्वेच्छेने उभी राहिली.' मी सही केली नाही. ती नवऱ्यासाठी उभी राहिली, आणि आमच्यामुळे. असं लिहा, मग करतो. बैठकीत दोघे माझ्याशी बोलायचे बंद झालेत, होऊ देत.

हे ते घोंगडं. आजही सहलीच्या दिवशी ते अंथरतात. वडार समाजातलं कुणी या वाटेने गेलं तर हात जोडून बसायला सांगायचं, ही आमच्या घराण्यावरची कामगिरी. गेल्या वर्षी खाली रस्त्याचं काम चालू होतं. त्यातली एक बाई कळशी घेऊन पाण्याला वर आली. वडाराची आहे, म्हणाली. मी अंगरखा सावरला, हात जोडले आणि म्हणालो, "या, बसा." तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्याकडे नवलाने पाहून ती बाजूने निघाली आणि दोन पावलांवर थांबली. टाचेने माती दाबून पाहिली.

"बाबा, हितं मऊ लागतंय," ती म्हणाली. "तुडवून घ्या, न्हाईतर बसंल."

आणि कळशी भरून गेली. घोंगडं तसंच राहिलं. मला रात्रंदिवस तिचंच बोलणं आठवत होतं, वर्षभर.

ती जागा ही. आज एवढ्यासाठीच तुम्हा सगळ्यांना चपला घालून चालू दिलं आहे, एरवी काढायला लावतो. मी काही चुकीचं सांगितलं असेल तर जरूर सांगा, भांडा, पण भांडताना पाय थांबवू नका. घट्ट पाय टाका, मंडळी. पुढे सरका.