हुबेहूब भांडे

"यात उणे काय आहे, तेवढे तरी सांगा, वस्ताद!"

सिद्रामने भट्टीचे भांडे बाळकू वस्तादांच्या पुढ्यात ठेवले. मालमोटारीच्या चाकाचा जुना ड्रम, तळाला जाड पत्रा, पत्र्याला वारा आत येण्यासाठी एक भोक, आतून राख-मातीचा लेप. यातच कोळसा पेटायचा होता.

वस्तादांनी कडेवरून बोट फिरवले. 

तळेवस्तीवर सिद्रामची स्वतःची लोहारशाळा उभी होती. ऐरण रोवली होती, भाता टांगला होता. परंतु त्या लोहारांत रीत अशी, की नव्या भट्टीतला पहिला विस्तव गुरूच्या भट्टीतून न्यायचा. आणि तो ज्या भांड्यात ठेवायचा, ते शिष्याने घडवलेले व गुरूने पसंत केलेले असले पाहिजे. तोवर भट्टी थंड. पेरणी तोंडावर आली होती. लोक बोथट फाळ घेऊन येत आणि तसेच परत जात.

"उणं काही नाही," वस्ताद म्हणाले. "नामी झालं आहे. पण विस्तव मिळणार नाही."

"का?"

"हे माझं आहे."

"तुमचंच आहे!" सिद्रामची छाती फुगली. "अमावास्येला भट्टी बंद होती, तेव्हा तुमच्या भांड्यात ओली माती थापून साचा घेतला. खोली तीच. उतार तोच. भोकसुद्धा मधोमध नाही. अलीकडे, डाव्या अंगाला. सुताभराचा फरक निघाला तर मिशी उतरवीन."

"राहू दे. मोठ्या मुश्किलीनं आली आहे."

सिद्राम हसला नाही.

"भोक डाव्या अंगाला का, ते ठाऊक आहे?" वस्तादांनी विचारले.

या प्रश्नाची तो कित्येक वर्षे वाट पाहत होता.

"भोक मधोमध असलं की विस्तव माजतो. डावीकडून वारा आला की वळसा घेतो, निवतो, आणि मग लोखंडाच्या पोटात शिरतो. ही तुमची विद्या, वस्ताद. मी कुणापाशी बोललो नाही."

वस्तादांना खोकला आला. तो खोकलाच होता की काय, हे सांगता येणार नाही.

"अरे, ती फुटकी कढई आहे. बिडाची. लग्नातल्या आचाऱ्यानं उकिरड्यावर टाकलेली. जिथं फुटली होती, तिथं नळी बसवली. दुसरं भोक पाडायला गेलो असतो, तर हातात तुकडे आले असते."

"... आणि विद्या?"

"नळी हलेना. मग मीच सरकलो."

सिद्राम मटकन खाली बसला.

"म्हणजे इतकी वर्षं मी कंबरेत वाकून, कोपर पोटाशी घेऊन... मला वाटायचं, पाठ दुखते ती साधना."

"बुटक्या माणसाची भट्टी ती, लेका. तू माडासारखा वाढलास."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

वस्तादांनी विस्तव उगाच सारखा केला. बराच वेळ केला.

"माझ्यासारखाच वाकायचास... बघायला बरं वाटायचं."



मग वस्तादांनी मूठभर राख घेतली आणि नव्या भांड्याच्या तळावर पसरली. भोक दिसेनासे झाले. भांडे उचलून त्यांनी सिद्रामच्या कंबरेच्या उंचीला, दगडांच्या चळतीवर ठेवले.

"ऊठ. ताठ उभा राहा. सांडशीत लोखंडाची पट्टी धर. आता डोळे मीट, आणि तापायला घाल."

"विस्तव कुठं आहे?"

"तुला विचारलं का मी?"

सिद्रामने डोळे मिटले. हात लांब झाला. पट्टीचे टोक राखेत टेकले.

"पुन्हा."

टोक पुन्हा तिथेच टेकले. डोळे उघडून त्याने पाहिले, तेव्हा राखेतली खूण उजवीकडे, पार पलीकडच्या कडेजवळ होती.

"इथं?" तो दचकला. "इथं कुणी भोक पाडतं का?"

वस्ताद भात्याकडे जाऊन बसले होते. एरवी ते बसणे शिष्याचे. त्यांनी भाता ओढायला सुरुवात केली.

सिद्रामने तळाचा पत्रा काढून वस्तादांच्या भट्टीत लाल केला. जुने भोक रिव्हेट ठोकून बुजवले. खुणेवर सुंबा धरून हातोड्याचा घाव घातला, नवे भोक पाडले, पत्रा परत बसवला, आणि हाताने फिरवायच्या पंख्याची नळी त्याखाली आणली. काडी ओढून अंगणातच कोळसे पेटवले. परीक्षेच्या विस्तवाला मान नसतो, तो कुठलाही चालतो.

पट्टी घातली. काढली, तेव्हा तिला टोकापासून सारखा, केशरी रंग आला होता. सिद्राम ताठ उभा होता. ते त्याच्या ध्यानातही नव्हते.

"आता तुम्ही, वस्ताद."

वस्ताद पुढे झाले. सवयीने डाव्या अंगाला, सवयीने जवळ. जवळ उभे राहिल्याने पट्टी कोळशात भोकाच्याही पुढे सरकली.

"वस्ताद, जरा..." सिद्राम म्हणाला आणि त्याने जीभ चावली. गुरूला ताव शिकवायचा कसा?

पांढऱ्या ठिणग्या तडतडल्या. वस्तादांनी पट्टी ओढून काढली. ती मधोमध करपली होती. टोक गळून कोळशात पडले.

त्यांच्या हातून जळलेले लोखंड आजवर कुणी पाहिले नव्हते.

सिद्रामचा चेहरा उतरला. "मोडतो हे. आत्ताच्या आत्ता मोडतो. परत पहिल्यासारखं करून आणतो."

वस्तादांनी करपलेला तुकडा उन्हात धरला. इकडून पाहिला, तिकडून पाहिला. नातवाचे जावळ पाहावे, तसा पाहिला.

"माझंच जळलं ना, सिद्राम? म्हणजे हे आता माझं राहिलं नाही. विस्तव न्यायचं खापर पुढं कर. विस्तव घालतो."