उन्हाला आडवं घोंगडं

"मेलेल्या रोपांना पाणी कशाला, बाबा?"

नीळकंठशास्त्र्यानं विचारलं. केवळनाथबाबा ऐकायलाच तयार नाही. विहिरीवरनं बादली ओढत राहिला.

कार्तिकही सरला नव्हता, तोवर सातपुड्याच्या माथ्यावर दव गोठलं होतं. मठाचा वांग्याचा एवढासा वाफा, मिठात लोळवल्यासारखा पांढराफटक. 'हा संक्रांतीपर्यंत जगव, मग मंत्र देतो,' असं बाबानं बजावलेलं. शास्त्री मोठा विद्वान, चार शास्त्रं तोंडपाठ. पण खुरपं कसं धरायचं ते इथं येऊन शिकला. दोन महिने राबला. हाताला घट्टे पडले. आणि आज पहाटे पानं काचेसारखी कडक.

"ईश्वराची इच्छा," शास्त्री म्हणाला.

"तुला सांगून गेला का तो?"

"तसं नाही, पण..."

"मग त्याचं नाव पुढं करू नको. पाणी मार."

"गोठलेल्यावर गार पाणी?"

"हात घाल बादलीत."

शास्त्र्यानं घातला. विहिरीचं पाणी कोमट होतं. मग पानापानावर शिंपडत सुटला. पांढरं धुऊन गेलं.

तेवढ्यात पूर्वेला तांबडं फुटलं. शास्त्र्याचा जीव भांड्यात पडला.

"आलं ऊन! आता जगतील!"

त्यानं तांब्या भरला आणि सूर्याला अर्घ्य द्यायला वर उचलला. बाबानं तो हिसकावला नि वांग्यावर उपडा केला.

"बाबा! तो सूर्यनारायण..."

"तोच मारतो. गारठलेल्या पानावर एकदम ऊन पडलं की पान काळं पडतं. सावकाश सुटू दे त्याला."

म्हाताऱ्यानं अंगावरचं घोंगडं काढलं, दोन्ही हातांनी ताणलं आणि वाफ्याच्या कडेला उगवतीला आडवा उभा राहिला. उघड्या छातीवर काटा आलेला.

"तुझं उपरणं सोड. इकडं ये."

"सूर्याला आडवा होऊ? पाठ करू त्याला? पाप..."

"लागलं तर मी भोगीन. हो आडवा!"

शास्त्र्यानं मुंजीपासून सूर्याला पाठ दाखवली नव्हती. आज दाखवली. उपरणं ताणलं. वाफ्यावर सावली पडली.

बराच वेळ गेला. खांदे भरून आले.

"बाबा... एवढं करूनही नाही जगली, तर मंत्र नाहीच का?"

बाबाची नजर वाफ्यावर होती.

"हात खाली आला तुझा. वर घे. ऊन शिरतंय."