निळ्या, लाल, पिवळ्या पावलांचा रस्ता

तळेगडच्या वेशीबाहेर त्रिविक्रम महाराजांची पालखी अडकली, ती काही केल्या हलेना! पुढे तांबटांची हंड्यांनी भरलेली गाडी, मागे कोष्ट्यांची सुताच्या गाठोड्यांची गाडी, डावीकडे माळ्यांच्या भाजीच्या पाट्या आणि उजवीकडे एक म्हैस. म्हशीने पालखीचा रेशमी गोंडा तोंडात धरला होता आणि ती तो शांतपणे चघळत होती.

"प्रधानजी, हे रोजचंच आहे का?" महाराज ओरडले.

"रोजचंच, महाराज," नारोपंत प्रधान म्हणाले. "वेशीबाहेर कोष्टी, तांबट आणि माळ्यांचे तीन नवे पुरे वसले. घरं वाढली, गल्ल्या वाढल्या आणि प्रत्येक गल्ली थेट राजरस्त्यालाच येऊन धडकते. या सगळ्या गल्ल्यांची वर्दळ गोळा करून एकाच जागी राजरस्त्याला आणून सोडणारा मधला रस्ता हवा."

"मग करा की! पुऱ्यांच्या पंचांना विचारा!"

"विचारलं, महाराज. रस्ता सगळ्यांना हवाय. फक्त शेजाऱ्याच्या अंगणातून!"

महाराज हट्टी होते. त्यांनी नकाशा मागवला, त्यावर तलवारीचं म्यान आडवं ठेवलं आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. "हा झाला रस्ता! पाच दिवसांनी खणायला घ्या!"

रेघ सरळ होती, पण ती भिकोबा रंगाऱ्याच्या अकरा हौदांवरून जात होती. ते हौद भिकोबाच्या आजोबांनी खणले होते आणि घरातली चूल त्यांच्यावरच पेटत होती. दुसऱ्या दिवशी भिकोबाची मुलगी सगुणा दरबारात हजर झाली.

"महाराज, आपली रेघ माझ्या बापाच्या निळीच्या हौदातून जाते. उद्या पालखी तिथून निघाली तर भोई कमरेपर्यंत निळे होतील!"

दरबार खुसखुसला. महाराजांच्या मिशा थरथरल्या.

"फार बोलतेस! मग तूच आख रस्ता! पण एकही घर पडता कामा नये. एकाचीही तक्रार येता कामा नये. आणि कोणालाही काही विचारायचं नाही! विचारलं की भांडणं सुरू होतात. पाच दिवसांत जमलं नाही, तर हौद बुजवले म्हणून समज!"

भिकोबाने घरी कपाळाला हात लावला. "अगं, विचारल्याशिवाय कसं कळायचं, कोण कुठून जातं ते?"

सगुणा बापाच्या पायांकडे बघत होती. घोट्यापर्यंत निळे पाय! हौदापासून थेट शिंक्याखालपर्यंत निळ्या पावलांची रांग उमटली होती.

"बाबा, लोण्याला हात लावलात ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणालाच विचारलं नाही!" सगुणा टाळी वाजवून उठली.

चौथ्या दिवशी भल्या पहाटे तिने कोष्टीपुऱ्याच्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी निळीची पूड पसरली, तांबटपुऱ्यात मंजिष्ठेची लाल आणि माळीपुऱ्यात हळदीची पिवळी. थोडी केशरी पूड उरली होती. महाराजांच्या वाड्याचं मागचं दारही वेशीबाहेरच्या बाजूलाच उघडत होतं. तिथेही तिने हातभर पट्टा ओढला आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली.

दिवसभर तळेगडात नुसता धुमाकूळ! कोंबड्या पिवळ्या पायांनी कौलांवर चढल्या. गोंडा चघळणारी म्हैस निळ्या खुरांनी मिरवली. नारोपंत प्रधानांचे जोडे लाल झाले आणि ते तांबटपुऱ्यात कोणाकडे गेले होते, हे बायकोला सांगता सांगता त्यांच्या नाकी नऊ आले.

पाचव्या दिवशी सकाळी सगुणा महाराजांना घेऊन वेशीबाहेर आली. जमिनीवर सगळं उमटलेलं होतं. निळी पावलं कोष्टीपुऱ्यातून निघून चिंचेपाशी आली होती. तिथे लाल येऊन मिळाली, पुढे विहिरीपाशी पिवळी. तिथून पुढे रंग वेगळे ओळखूच येईनात. एकच रुंद जांभळट तपकिरी पट्टा वळत वळत वेशीपर्यंत गेला होता!

"हा रस्ता, महाराज. लोकांनीच आखलाय. वाटेत एकही घर नाही."

महाराज पट्ट्याकडे बघत चालू लागले आणि एका पडक्या कुंपणापाशी थबकले.

"थांब! ही तर आमची आमराई! इथून चिटपाखरूही जात नाही!"

"गाड्या जात नाहीत, महाराज. कुंपणाची फट लहान आहे. माणसं रोज जातात."

"आमच्या आमराईतून रस्ता? मुळीच नाही! आमची तक्रार आहे! एकाचीही तक्रार चालणार नव्हती. हरलीस तू!"

मागून आलेल्या भिकोबाने डोळे मिटून घेतले. सगुणा मात्र वाकली आणि तिने त्या पट्ट्याच्या कडेला बोट दाखवलं. तिथे केशरी पावलं होती. वाड्याच्या मागच्या दारातून निघालेली, आमराईच्या फटीतून बाहेर पडलेली आणि थेट चंद्राक्काच्या भज्यांच्या कढईपाशी पोचलेली! टोकदार मोजडी आणि टाचेत मोराचा ठसा.

"कोण हे?" महाराजांनी दरडावून विचारलं. "आमच्या दुपारच्या झोपेच्या वेळी आमच्या बागेतून कोण जातं?"

"मला काय ठाऊक, महाराज? दुपारची वेळ तर तुम्हीच सांगितलीत! कोणालाही विचारायची मला मनाई होती. तुम्ही विचारा!"

महाराजांनी हळूच उजवा पाय उचलून टाच बघितली. मोर होता. मोर केशरी होता!

तेवढ्यात समोरून चंद्राक्का झारा हलवत ओरडली, "महाराज, आज लवकर? तेल अजून तापायचंय!"

महाराजांना हसू आवरेना. ते इतके हसले की पगडी विहिरीच्या काठावर जाऊन पडली. त्यांनी तिथल्या तिथे तक्रार मागे घेतली, कुंपण पाडायला लावलं, भिकोबाचे अकराही हौद त्याच्या नावे कायमचे करून दिले आणि सगुणाला तळेगडच्या सगळ्या रस्त्यांची कारभारीण नेमलं. मग साऱ्यांना घेऊन ते नव्या रस्त्याने पायी निघाले, कांदाभजी खायला!