कवाडघाटची बयनामाय

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. मी आजीला विचारलं होतं, तर ती म्हणाली, "मोजणारे मेले, गोष्ट उरली. ऐकाची असन तं ऐक."

तेव्हा आमच्या नदीतून नावा चालायच्या. हसू नका. आज तिच्यात म्हशीसुद्धा धड बुडत नाहीत, पण तेव्हा सागवान, हिरडा, मोहफुलं, लग्नाची वऱ्हाडं, सगळं नावेनं जायचं. आणि आमच्या गावाशी नदी एका खडकावरून दोन माणसांच्या उंचीएवढी खाली उडी घेते. नदीनं घेतली उडी, नावेनं कशी घ्यावी? म्हणून कुण्या जुन्या राजानं खडकाच्या बाजूनं चर खोदला, चरात दगडी हौद बांधला, आणि हौदाला वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक अशी सागवानी कवाडं बसवली. वरून नाव यायची असली की खालचं कवाड बंद ठेवायचं आणि वरच्या कवाडातली झडप उचलायची. हौद काठोकाठ भरला की नाव आत घ्यायची. मग वरचं कवाड लावून खालच्या कवाडाची झडप उचलायची. पाणी उतरेल तशी नाव उतरते. वर जायचं तर हेच उलट. नाव जिना उतरते, नाव जिना चढते, असं लोक म्हणायचे. त्या कवाडांवरून गावाचं नाव पडलं कवाडघाट.

राजा बांधून गेला. राजांचं तेच असतं. पण लाकूड पाण्यात राहिलं की कुजतं, फटी पडतात, उंबऱ्यापाशी गाळ साचतो, आणि ते रोज निस्तरायला राजा येत नाही. ते काम झोलबा ढिवराच्या घराण्याकडे होतं. दरवर्षी माघात नदी उतरली की झोलबा वरचं कवाड बंद करून हौद रिकामा करायचा आणि तळाशी उतरायचा. अंबाडीचा वाख राळेत आणि जवसाच्या तेलात घोळायचा आणि लाकडी हातोड्यानं फटीफटीत ठोकून बसवायचा. हौदाच्या भिंतीवर कान ठेवला की कुठल्या फळीतून पाणी झिरपतंय ते त्याला कळायचं, असं म्हणतात.

हौद होता खोल, आणि त्याची भिंत मधेच पोट काढून पुढं आलेली. त्यामुळं वरच्या कवाडाशी उभ्या माणसाला खालच्या कवाडाचा पाय दिसायचा नाही. म्हणून झोलबाच्या आज्यापणज्यानं एक रीत घालून दिली होती. खाली उतरणाऱ्यानं आपलं पागोटं वरच्या कवाडाशेजारच्या दगडी खुंटीला बांधायचं. पागोटं दिसलं की खाली माणूस आहे, झडपेला हात लावायचा नाही. आणि ज्यानं बांधलं त्यानंच वर येऊन सोडायचं. दुसऱ्या कुणी नाही. नदीवरच्या शंभर कोसांतल्या नावाड्यांना ही रीत ठाऊक होती, आणि झोलबा घरी नसला तर ते खुंटी बघून स्वतःच कवाड चालवायचे.

झोलबाची बायको बयना. हाताची चपळ, जिभेची त्याहून चपळ, आणि घाणीचा भारी तिटकारा. त्यांना एकच लेक, गिरजी. गिरजीचं लग्न वरगावच्या नावाड्याच्या घरी ठरलं. वऱ्हाड नावांतून येणार, कवाडातून उतरणार, आणि झोलबानं घाटावर व्याह्यांना सामोरं जायचं, असा बेत होता.

हळदीच्या आदल्या दिवशी झोलबानं भिंतीला कान लावला आणि त्याचं तोंड उतरलं. खालच्या कवाडाच्या बुडाशी एक फळी सुटली होती.

"राहू द्या आता," बयना म्हणाली. "लगन झाल्यावर पाहू."

"आन् माह्या पोरीचं वऱ्हाड हौदात अडकलं तं? सारी नदी हासन मले."

हळदीच्या दिवशी सकाळीच त्यानं हौद रिकामा केला, पागोटं खुंटीला बांधलं आणि खाली उतरला. खालचं कवाड पाचरींवर उचलून धरलं आणि त्याच्याखाली उताणा पडून वाख ठोकू लागला. ठक ठक ठक, आवाज साऱ्या गावात जात होता. त्या आवाजावर बायका हळद दळत होत्या.

दुपारी बयना पाण्याला आली. तिनं खुंटीवरचं पागोटं पाहिलं. तेलानं, राळेनं काळंमिट्ट झालेलं अठरा हात पागोटं. संध्याकाळी नवरा हेच डोक्याला गुंडाळून व्याह्यांपुढं उभा राहणार! रीत तिला ठाऊक नव्हती असं नाही. जन्म गेला होता त्या खुंटीखाली. पण तिच्या मनानं हिशेब केला, की नावा यायच्या दिवस कलल्यावर, ऊन आहे कडक, कापड वाळायला कितीसा वेळ, आणि मी तर इथंच आहे. आपल्या माणसाच्या बाबतीत रीत थोडी वाकवली तर काय बिघडतं, असं आपल्यालाही वाटतंच ना? तिनं पागोटं सोडलं. खालच्या पायऱ्यांवर नेऊन रिठ्यानं असं धुतलं, असं धुतलं, की मूळचा कुसुंबी रंग वर आला. आणि ते पाहून ती हरखली, असं म्हणतात.

तेवढ्यात वरच्या अंगाला डफडं वाजलं. सनई वाजली. नदीला ओढ चांगली होती आणि वऱ्हाड अर्धा दिवस आधी आलं होतं.

इथं बयनेच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, ते ज्यानं त्यानं पाहावं. बयना आनंदानं घराकडं धावली, आरतीचं ताट घ्यायला. ही गोष्ट तिनं पुढं कधीही लपवली नाही. ताट हातात घेऊन ती उंबऱ्यावर आली आणि खांद्यावरच्या ओल्या पागोट्यातून पाण्याचा एक थेंब तिच्या पावलावर पडला. तेव्हा तिला आठवलं. ताट तिथंच पडलं. ती ओरडत धावली, पण डफड्यापुढं बाईचा आवाज तो किती!

पहिल्या नावेवर नवरदेवाचा मामा उकंडा होता, जुना, जाणता नावाडी. त्यानं खुंटी पाहिली. मोकळी होती. हातानं चाचपून पाहिली, तरीही मोकळीच. डफड्याच्या गजरात खालची ठक ठक त्याच्या कानी पडली नाही. मग त्यानं झडप उचलली. पाण्याचा लोट हौदात पडला, पाचरी निसटल्या, आणि ठक ठक थांबली.

झोलबाला वर काढलं तेव्हा त्याच्या मुठीत वाख तसाच होता.

आता गाव खवळलं. हळदीच्या घरात मढं आलं की माणसं शहाण्यासारखी वागत नाहीत. पोरांनी काठ्या काढल्या. उकंड्याला घाटाच्या पिंपळाला बांधलं. म्हातारा एवढंच म्हणत होता, "खुंटीले काही नव्हतं, बापहो. देवाशप्पत नव्हतं." आणि कुणी त्याचं खरं मानत नव्हतं, कारण झोलबा पागोटं बांधल्याशिवाय उतरला असं त्याच्या साऱ्या जन्मात घडलं नव्हतं. लग्न मोडल्यातच जमा होतं. गिरजी हळदीच्या अंगानं बापाच्या उशाशी बसली होती.

बयनेला पागोटं सोडताना कुणी पाहिलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर गोष्ट तिथंच दबली असती. विधवा म्हणून लोकांनी तिला सांभाळलं असतं, चार दिवस तिच्यासोबत रडले असते, आणि उकंड्याचं जे व्हायचं ते झालं असतं. पण ती पिंपळाखाली आली. पदराआडून तिनं ओलं पागोटं काढलं आणि साऱ्यांपुढं धरलं.

"त्याले सोडा. पागोटं म्या काढलं. धुवाले नेलं होतं."

डफडेवाल्याच्या हातातून टिपरू गळून पडलं. उकंड्याला कुणी सोडलं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. म्हातारा उठला, आपल्या डोक्यावरचं पागोटं काढून त्यानं झोलबाच्या पायाशी ठेवलं, आणि म्हणाला, "माय, तुह्या पोरीले आम्ही टाकणार नाई."

तेराव्यानंतर गिरजीचं लग्न लागलं. वाजंत्री नव्हती. वऱ्हाडी उघड्या डोक्यानं आले, उघड्या डोक्यानं गेले. गिरजी नावेत बसली. बयना कवाडाशी उभी होती. लेक आईशी एक शब्द बोलली नाही, आणि नाव हौद चढून वळणाआड गेली तरी तिनं मागं पाहिलं नाही.

त्यानंतर कवाडं कोण सांभाळणार? कुणी पुढं येईना. एके दिवशी लोकांनी पाहिलं, तर बयना हौदात उतरली होती आणि झोलबाचा हातोडा चालवत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण ऐकून ऐकून तो ठेका तिच्या हातात बसला होता, असं म्हणतात. खुंटीला ती कापड बांधत नसे. "कापडाचं काय खरं," म्हणायची, "कोनी बी सोडते." ती उतरली की वर माणूस उभं करायची, आणि दुसरं कुणी उतरलं की स्वतः उभी राहायची. झडप उचलण्याआधी हौदात वाकून तीनदा हाक मारायची, "खाली कोनी हाये का?" हाक मारून थांबायची. बराच वेळ थांबायची. घाईच्या नावाड्यांना राग यायचा, पण बोलायची कुणाची छाती नव्हती. ती कशाची वाट बघते, ते सगळ्यांना कळत होतं.

आणि ते पागोटं वाळलं नाही. उन्हात टाकलं, चुलीवर धरलं, वैशाखात कौलांवर पसरलं, तरी त्यातून थेंब गळतच राहिले. बयना ते कमरेला गुंडाळून असायची. बारा वर्षं तिचं लुगडं कमरेशी ओलं होतं, असं म्हणतात.

बाराव्या वर्षी महापूर आला. तीन दिवस आभाळ फुटल्यासारखं कोसळलं आणि वरगाव बुडालं. हाती लागेल ते घेऊन लोक नावांत बसले आणि कवाडघाटाकडं आले. पाच नावा हौदात घेतल्या. पहिल्या नावेत गिरजी होती, मांडीवर दोन लेकरं. बयनेनं पाहिलं. वरचं कवाड लावलं, तीनदा हाक मारली आणि खालची झडप उचलली.

पाणी उतरू लागलं आणि वरच्या कवाडाच्या बुडाशी मोठा आवाज झाला. एक फळी आत आली. जेवढं पाणी खालून जाई तेवढं वरून कोसळू लागलं. नावा भिंतीवर आपटू लागल्या, लेकरं ओरडू लागली. आणखी दोन फळ्या गेल्या असत्या तर सारी नदी त्या हौदात आली असती.

ती फट बुजवायची तर वरच्या अंगानं, पुराच्या पाण्यात उतरूनच. पाणी ओढतं आणि बोळा फटीत बसतो. पण ते बोळ्याला ओढतं तसं माणसालाही ओढतं, हे बयनेला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनं कमरेचं पागोटं सोडलं. एक टोक हातात घेतलं, आणि दुसरं धरायला कोण, म्हणून वर पाहिलं.

गिरजी भिंतीच्या कड्या धरून वर आली होती. तिनं दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधलं. दोघी एकमेकींकडं पाहत होत्या. मग बयना उतरली.

अठरा हात पागोटं ते, पण खाली जातच राहिलं. वीस हात गेलं, चाळीस गेलं, असं म्हणतात. त्याच्या बोळ्यांनी फट भरत गेली, आवाज बारीक झाला, आणि हौदातलं पाणी पुन्हा उतरू लागलं. गिरजी कवाडावर पालथी पडली आणि पाण्यात तोंड घालून बारा वर्षांत पहिल्यांदा बोलली, "माय! खाली हायेस का?"

पागोट्याला हिसका बसला. एकदा.

नाव हातभर उतरली की गिरजी विचारायची, "माय, हायेस का?" आणि खालून हिसका यायचा. पाचही नावा तळाशी गेल्या. खालचं कवाड उघडलं. एकेक नाव बाहेर पडली. शेवटची नाव सुटली तेव्हा गिरजीनं विचारलं, "माय, झालं वो. येतेस का आता?"

हिसका आला नाही.

तिनं पुन्हा विचारलं. मग ओढायला लागली. गाव आलं, उकंड्याचे नातू आले, सगळे ओढायला लागले. पागोटं येत राहिलं, येत राहिलं. शेवटचं टोक वर आलं तेव्हा त्याला कुणी धरलेलं नव्हतं. पण बायांनो, बाप्यांनो, बारा वर्षं न वाळलेलं ते पागोटं पुराच्या पाण्यातून वर आलं ते कोरडं ठणठणीत आणि कुसुंबी, जसं काही नुकतंच घडी मोडून काढलेलं. गिरजीनं त्यात तोंड खुपसलं आणि बापासाठी, आईसाठी जे रडायचं राहिलं होतं ते सगळं ती रडली.

पुढं नावा बंद पडल्या. कवाडं कुजून गेली, हौद गाळानं भरला, त्यात आता बेशरमाची झुडपं आहेत. दगडी खुंटी तेवढी उभी आहे. पण कवाडघाटात आजही लेकीचा बाप व्याह्यांना उघड्या डोक्यानं सामोरा जातो. पाहुणे चकित होतात, मग कुणीतरी त्यांना ही गोष्ट सांगतं. विहिरीत माणूस उतरलं की काठावर दुसरं माणूस उभं राहतं आणि ते तिथून हलत नाही, घरी आग लागली तरी.

आणि दोरीवरचं वाळत घातलेलं कापड काढायचं असलं, अगदी पोराचं झबलं असलं, तरी आमच्याकडच्या बाया आधी विचारतात, "खाली कोनी हाये का?" नव्या सुनेला हसू येतं. पहिले काही दिवस येतंच. मग सासू तिला सांगते, की नुसतं विचारायचं नसतं, पोरी, उत्तर यायला लागेल तेवढा वेळ थांबायचं असतं.