डोंगराकडचा हात

एक होतं गाव. राजा नव्हता त्यात, पण डोंगर होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं. तिथल्या लोकांकडे डावा-उजवा हे शब्दच नव्हते, बरं का. कधी लागलेच नव्हते. ते म्हणायचे, डोंगराकडे सरक, समुद्राकडे वळ. जेवायचं तेही डोंगराकडच्या हाताने. मग पाट फिरवला की जेवायचा हात बदलायचा. एखादं पोर विसरलं की आई म्हणायची, "समुद्राकडच्या हाताने कसला जेवतोस रे?"

त्या गावात धाकूआबा नावाचा कोळी होता. एकदा तो नातीला, मथूला, घेऊन मासे धरायला गेला. मासे पुष्कळ मिळाले. मग ते परत फिरले आणि धुकं आलं. असं धुकं, की डोंगर नाहीसा झाला. पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं, कळेना. आबा मागे सुकाणू धरून बसलेला. त्याला पुढे बसलेली मथूसुद्धा दिसेना. आणि वाटेत तर खडक होते.

मग पहिला खडक आला. मथू म्हणाली, डोंगराकडे घे. आबाने विचारलं, डोंगर कुठे आहे? तोवर होडी घासली.

मग दुसरा आला. मथूने हात करून दाखवलं. पण धुक्यात हात कुणाला दिसणार? होडी आपटली, फळी तडकली, पाणी आत येऊ लागलं.

आबा हळूच म्हणाला, "मथू, आणखी एक धक्का ही होडी सोसायची नाही."

आणि मग तिसरा आला. काळा, ओला, देवळाएवढा. मथू इतकी घाबरली, की तिने छाती घट्ट धरली. हाताखाली धडधडत होतं. एकाच बाजूला. ती मागे वळली, तरी त्याच बाजूला. डोंगर असता तर त्याची बाजू बदलली असती. हे बदललंच नाही.

"आबा, तुझ्या छातीत कुठल्या बाजूला धडधडतंय?"

आबाने हात लावून पाहिला. "आहे गं, एका बाजूला आहे."

त्याचंही आपल्यासारखंच असेल का? नसलं तर? मला वाटतं, हे तिच्या मनात आलंच असणार.

"पुढे बघ आणि त्याच बाजूला वळव."

आबाने वळवलं. तो एवढा मोठा खडक मथूच्या हाताजवळून गेला, आवाजही न करता. त्याच्यावरचे शिंपले तिला दिसले. मग धुकं फाटलं आणि समोर गाव.

काठावर सगळ्यांनी ही हकिगत ऐकली. मग एकेकाने छातीवर हात ठेवला. इतकी वर्षं प्रत्येकजण एक दिशा आत घेऊन फिरत होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

त्या बाजूला त्यांनी नाव दिलं डावी. दुसरी उजवी. हीच नावं का, ते मी पुष्कळ पुस्तकांत शोधलं, सापडलं नाही. पण तेव्हापासून समोरासमोर आलेल्या होड्या आपापल्या डावीकडे वळायच्या आणि न आपटता निघून जायच्या. धुकं असो, नाहीतर काळोख. सगळे घरी पोचायचे, मासे-भात खायचे आणि सुखाने झोपायचे.

तुम्हीही वळा आता कुशीवर. डाव्या की उजव्या, ते तुमचं तुम्ही ठरवा.