नाव न कळलेलं सुतक

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध गावकर राहत असे. देवळात साऱ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याचा. तो एकेक मागणं देवापुढे मांडी आणि प्रत्येक मागण्याला गाव एका सुरात म्हणे, "होय म्हाराजा!" आता त्याचा आवाज बसत चालला होता, म्हणून चाळिशीतला एक शिष्य त्याच्याकडे गाऱ्हाणं शिकत होता. शिष्याचा आवाज खणखणीत होता. अर्थ शिकायचा बाकी होता.

एका वैशाखात समुद्रात वादळ उठलं. रेडिओ दर तासाला ते जवळ आल्याचं सांगू लागला. होड्या वर ओढून झाल्या, कौलांवर दगड ठेवून झाले, आणि हातातलं सगळं संपल्यावर गाव देवळात जमलं.

"वादळ उत्तरेला घालव म्हणून सांगा," लोक म्हणाले.

"उत्तरेला कुठे?" वृद्धाने विचारलं.

"कुठेही. देव बघून घेईल."

"माझी सासुरवाडी तिकडेच आहे, बिनधास्त सांगा!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि त्या भीतीतही देऊळ हसलं.

वृद्धाने हातातला नारळ खाली ठेवला आणि तो बाजूला जाऊन बसला. लोक चुळबुळले. अखेर शिष्यच पुढे झाला.

"बा देवा म्हाराजा! ह्या वादळ आमच्या गावावरून टळू दे, उत्तरेक जाऊ दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

संकट रद्द करा, असं आपल्याकडे कोणी मागत नाही. त्याची बदली मागतात.

बदली मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. गावाने नारळ फोडले, गोडधोड केलं; शिष्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं राहिलं. तो प्रसाद घेऊन वृद्धाकडे गेला, तर वृद्ध ओल्या पंच्याने ओटीवर बसलेला आणि घरात चूल बंद.

"प्रसाद घ्या, आबा."

"चालायचा नाही. सुतक आहे."

"अरे देवा! कोण गेलं?"

"नाव अजून कळलं नाही."

म्हाताऱ्याचं वय झालं, असं मनाशी म्हणत शिष्य परतला.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. वादळ ज्या बंदरावर आदळलं, तिथे शिष्याची धाकटी बहीण दिलेली होती. बहीण उत्तरेला आहे हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण देवळात उत्तर ही नुसती एक दिशा होती.

तो पोचला तेव्हा घराचं जोतं तेवढं शिल्लक होतं. मेहुणा होडी बांधायला गेला होता. नुसता दोर सापडला.

बहीण जोत्यावरची फुटकी कौलं गोळा करत होती. मग म्हणाली, "आम्हीपण गाऱ्हाणं घातलं होतं, दादा. दक्षिणेला जाऊ दे म्हणून. हे सगळ्यांत मोठ्याने 'होय म्हाराजा' म्हणाले. मी कोपराने ढोसलं, अहो, दादाचं गाव तिकडेच ना? तर म्हणाले, तुझ्या दादाची कौलं नवीन आहेत, त्याला काय होतंय!"

शिष्य गावी परतला, तो थेट वृद्धाच्या ओटीवर येऊन बसला.

"नाव कळलं, आबा."

वृद्धाने मान हलवली. "वादळ तू वळवलं नाहीस. तेवढी पुण्याई ना तुझी, ना माझी. ते आपल्या वाटेने गेलं. पण किनारा एकच आहे, बाबा. आपल्या दारावरून गेलेलं कोणाच्या तरी दारी जातंच. 'वळलं' या शब्दाचा अर्थ एवढाच. त्याला अडवणं आपल्या हाती नव्हतं. होकार न देणं हाती होतं."

पुढच्या वर्षी पुन्हा वादळाची बातमी आली. गाऱ्हाणं शिष्यानेच घातलं.

"बा देवा म्हाराजा, आमका सावध ठेव. आणि ज्यांच्या दारात ता जायत, तेंकाय सावध ठेव रे म्हाराजा."

गाव क्षणभर घुटमळलं. ज्याची सासुरवाडी उत्तरेला होती, तो खाली बघत होता. मग "होय म्हाराजा" आलं. पण हळू, आणि एका सुरात नाही.