भूतबंगल्याचे स्पीकर

जत्रेत भूतबंगला चालवणाऱ्या यमुना घोलपला यंदा पावलांचा आवाज हवा होता. बंगला कसला, चार माणसं जेमतेम मावतील अशी पत्र्याची खोली! स्पीकरांना आवाज पुरवणारा रिसीव्हर कशाशी खातात हेही तिला ठाऊक नव्हतं. ती सरळ देवस्थळ्यांच्या स्पीकरच्या दुकानात शिरली. "साहेब, स्वस्तातला रिसीव्हर आणि दोन स्पीकर दाखवा."

देवस्थळे हसले. "बाई, स्वस्तात भीती मिळत नाही. आत या."

आतल्या काळोख्या खोलीत त्यांनी अकरा स्पीकरांचा महागडा संच सुरू केला. पाठीमागे पैंजणं वाजली, छतावर नखं घासली गेली, कुणीतरी अगदी कानाशी श्वास सोडला.

"यातला एक स्पीकर कमी केलात, तर तुमच्या भुताला कुणी भीक घालणार नाही!"

"जरा सगळं बंद करा," यमुना म्हणाली.

त्यांनी बटण दाबलं. काळोखात चिडीचूप झालं. यमुनाने दाराशीच उभं राहून तो काळोख मुरू दिला. मग हळूच म्हणाली, "साहेब, तुमच्या मागे कोण उभी आहे?"

देवस्थळे किंचाळले. धडपडत त्यांनी दिवा लावला. मागे नुसती भिंत होती.

दाराशी उभी यमुना म्हणाली, "भीती माझी मी आणते, साहेब. तुम्ही दोन स्पीकर तेवढे द्या."

देवस्थळ्यांनी मुकाट्याने लहान संच बांधला. घाम पुसत ते पुटपुटले, "पण बाई, माझ्या खांद्यावर तो गार हात कशाला ठेवायचा?"

यमुना तर दारापासून हललीच नव्हती. तिने खोका उचलला आणि मागे वळून न बघता रस्ता गाठला.